फुकटचा पहारेकरी

भाचा उल्हासनगरहून रिक्षाने आला तो सीपीयू मांडीवर घेऊनच. "मामू, फुकटातला सगळ्यात चांगला अँटीव्हायरस कोणता ते सांगा आणि टाकून द्या. पैसे भरायचे नाहीत, अम्मीने बजावलंय." सोबत वहीच्या कागदावर सहा-सात नावे लिहून आणली होती. त्यात अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही तिन्ही होती. ही तिन्ही आज एकाच मालकाची आहेत, असे मी म्हणालो तेव्हा तो हसला. त्याला वाटले मामू चेष्टा करतात.

अंबरनाथ एमआयडीसीत हिशेबनीस म्हणून मी बरीच वर्षे काढली. हा प्रश्न मला शेठजींनी विचारला आहे, वॉचमनने विचारला आहे, शेजारच्या गाळ्यातल्या केमिस्टनेही विचारला आहे. मी दर वेळी एखादे नाव सांगून मोकळा व्हायचो. या वेळी मात्र तसे करवेना, कारण त्या डब्यात काय आहे ते मला ठाऊक होते. २६ जुलै २००५ ला वालधुनीचे पाणी बहिणीच्या घरात कमरेपर्यंत आले, तेव्हा पत्र्याची पेटी भिजली. अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या जमिनीचे उतारे, निकाहनामा, जन्मदाखले, सगळे त्या पेटीत. उन्हात वाळवले, पण शाई वर्षागणिक उतरत गेली. मग २०१९ च्या शेवटी, जेव्हा घरोघरी कागद शोधण्याची घाई सुरू झाली, तेव्हा बहिणीने हे सगळे स्कॅन करून घेतले. आज मूळ कागदावर जे वाचता येत नाही ते त्या स्कॅनमध्ये वाचता येते. आणि ते स्कॅन फक्त या एका डब्यात होते.

म्हणून मी भाच्याला म्हटले, बस, चहा घे. नाव नंतर सांगतो, आधी गोष्ट ऐक.

गोष्ट सुरू होते लाहोरला. १९८६ साली बासित आणि अमजद फारुख अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. आयबीएमच्या पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानतात. अल्वी बंधू डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर विकत असत आणि लोक त्याच्या चोरून नकला करत. नक्कल करणाऱ्याला गाठावे म्हणून आपण हा प्रोग्राम केला, असे ते सांगत आले आहेत. फ्लॉपीच्या पहिल्या भागात तो जाऊन बसायचा, आणि त्यात भावांनी चक्क आपले नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता. लस हवी असेल तर आमच्याशी संपर्क साधा, असाही मजकूर होता. पुढे अमेरिकेपर्यंतून फोन आले तेव्हा ते स्वतःच चकित झाले. २०११ मध्ये फिनलंडचे व्हायरसतज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन तो पत्ता शोधत लाहोरला गेले, तर भाऊ तिथेच होते आणि इंटरनेट सेवेचा धंदा करत होते.

म्हणजे पीसीवरचा पहिला व्हायरस हा, निदान त्याच्या कर्त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, फुकट्यांवर बसवलेला पहारेकरी होता. हे मला फार उशिरा कळले. १९९२ च्या सुमारास मी कल्याणला एका कॉम्प्युटर क्लासला जात होतो. तिथे सरांनी व्हायरस म्हणजे काय ते शिकवताना "हा पाकिस्तानातून आलाय" असे म्हणून माझ्याकडे पाहिले आणि वर्ग हसला. मीही हसलो, त्या वर्षी तसे हसून घ्यावे लागे. महिनाभराने त्याच वर्गातल्या एका मशीनवर दुसरा व्हायरस निघाला. त्याचे नाव 'जोशी'. हा १९९० च्या जूनमध्ये भारतात सापडला आणि जगभर फिरला. ५ जानेवारीला तो मशीन अडवून ठेवायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप केल्याशिवाय पुढे सरकू द्यायचा नाही. हा जोशी कोण ते आजवर कुणाला ठाऊक नाही. मराठी असेल, गुजराती असेल, कुमाऊंचाही असेल. सरांचे आडनाव जोशी नव्हते, पण त्या दिवशी वर्गात जे दोन जोशी होते त्यांच्याकडे सगळ्यांनी पाहिले. माझा नंबर संपला होता.

तेव्हा व्हायरस काढायचे काम कॉम्प्युटरवाल्याचे. तो फ्लॉपीच्या डबीतून एक फ्लॉपी काढायचा, मशीन तिच्यावरून सुरू करायचा आणि पाच मिनिटांत "साफ झालं" म्हणायचा. पैसे दुरुस्तीचे, औषध फुकट. पुण्याच्या काटकर बंधूंची कहाणी अशीच सुरू झाली. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. गिऱ्हाइकांच्या मशीनवर जो व्हायरस सापडेल त्याच्यासाठी तो छोटे टूल लिहायचा आणि कैलास ते दुरुस्तीत वापरायचे. अशी टूल्स साठत गेली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांतून 'क्विक हील' हे विकायचे सॉफ्टवेअर तयार झाले. कंपनीचे मूळ नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस. २००७ मध्ये ते बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आले. मराठी माणूस धंद्यात मागे, असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देत असतो.

अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीतही असेच एक सॉफ्टवेअर बनत होते, मायक्रोवर्ल्ड कंपनीचे 'ईस्कॅन'. आमच्या एमआयडीसीत रंग, रसायने आणि औषधांचा कच्चा माल, त्यांच्या एमआयडीसीत व्हायरसवरचे औषध. आमचे शेठजी म्हणायचे, वास त्यांच्याकडे कमी.

फुकटचा अँटीव्हायरस मात्र आपल्याकडे आला तो झेकोस्लोव्हाकियातून. १९८८ मध्ये प्रागच्या एका संशोधन संस्थेत पावेल बाउदिश यांच्या हाती 'व्हिएन्ना' हा व्हायरस असलेली फ्लॉपी आली. त्यांनी त्याच्यावर उतारा लिहिला. तिथे तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती, खासगी कंपनी काढता येत नसे. म्हणून बाउदिश आणि एदुआर्द कुचेरा यांनी सहकारी संस्था काढली. होय, सहकारी, आपल्या साखर कारखान्यासारखी! तिचेच पुढे 'अवास्ट' झाले. राजवट गेल्यावर १९९१ मध्ये बर्नो शहरात ग्रिसॉफ्ट नावाची दुसरी कंपनी निघाली, तिने 'एव्हीजी' काढले. २००० च्या आसपास या दोघींनी घरगुती वापरासाठी आपले सॉफ्टवेअर फुकट देऊन टाकले. जर्मनीच्या 'अविरा'ची लाल छत्रीही त्याच सुमारास आपल्या पडद्यांच्या कोपऱ्यात उघडू लागली.

हे धर्मादाय काम नव्हते आणि लबाडीही नव्हती. नवा व्हायरस ओळखायचा तर तो आधी कुणाच्या तरी मशीनवर सापडावा लागतो. त्याची खूण यादीत चढते, मग यादी सगळ्यांकडे जाते. जितकी मशीन जास्त, तितकी खूण लवकर मिळते. घरातल्या कोट्यवधी मशीनवर फुकट बसलेले सॉफ्टवेअर म्हणजे कोट्यवधी खबरे. शिवाय घरी ज्याने ते पाहिले, तो ऑफिसात तेच मागतो, आणि ऑफिसला पैसे पडतात. घराचा खर्च कारखाना भरणार, असा हा सरळ हिशेब होता.

तो हिशेब अंबरनाथला येऊन चुकला. एमआयडीसीतल्या छोट्या युनिटचे ऑफिस म्हणजे शेडच्या पोटमाळ्यावर एक टेबल, एक एसी आणि एक कॉम्प्युटर. तो कॉम्प्युटर बऱ्याचदा शेठच्या मुलाचा जुना. उल्हासनगरची 'मेड इन यूएसए'ची थट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या मशीनवरचे विंडोज एक्सपी तशाच एका सीडीवरून आले होते, जिच्यावर मार्करने नाव लिहिलेले होते. त्यावर फुकटचा अँटीव्हायरस. तो टाकताना जो लांबलचक मजकूर येतो, त्यात हे फक्त घरगुती वापरासाठी आहे असे स्पष्ट लिहिलेले असे. मी तो मजकूर वाचला होता. शेठजींना सांगितलेही. ते म्हणाले, "मी दिवसाचे बारा तास इथेच असतो, हेच माझं घर." आमच्या अब्बांच्या तोंडी एक म्हण असायची, माल-ए-मुफ्त, दिल-ए-बेरहम. ती अशा वेळी आठवायची.

त्या काळात खरा त्रास पेन ड्राइव्हचा. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात चलनाची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह न्यायचा आणि परत आल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले असायचे. विंडोजला सवय होती की पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपणहून चालू करायचा. २००८ च्या अखेरीस आलेल्या 'कॉन्फिकर'नेही या सवयीचा फायदा घेतला. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट देऊन ती सवय मोडली. पण चोरीच्या विंडोजवर आम्ही अपडेट बंदच ठेवलेले! चोरी पकडली जाईल ही भीती. २००९ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' फुकट दिले, वर्षभराने छोट्या धंद्यांना दहा मशीनपर्यंत वापरायची परवानगीही दिली. आमच्यासारख्यांसाठीच केल्यासारखी सोय होती. पण ते टाकताना विंडोज अस्सल आहे का, याची तपासणी व्हायची. त्यामुळे आमच्या शेडमध्ये ते कधीच बसले नाही.

मार्च २०१६. आमच्या युनिटला शुक्रवारची सुट्टी असे, मी जुम्याची नमाज निवांत पढून शनिवारी कामावर गेलो. मशीन चालू केले तर फायलींची नावे गेली होती. त्यांच्या जागी आकडे आणि अक्षरांची लांब माळ, शेवटी 'लॉकी'. पडद्यावर इंग्रजीत सूचना, बिटकॉइनमध्ये पैसे भरा. गुरुवारी संध्याकाळी आमच्या पोऱ्याने 'इनव्हॉइस' नावाची वर्डची फाइल मेलमधून उघडली होती आणि ती सांगेल त्या बटणावर क्लिक केले होते. फुकटच्या पहारेकऱ्याने हूं की चूं केले नाही. लॉकीच्या नव्या नव्या आवृत्त्या रोज निघत होत्या आणि त्या दिवशीची खूण अजून यादीत चढली नसावी. बॅकअप होता, पण तो ज्या पेन ड्राइव्हवर होता तो महिनोन्महिने मशीनलाच लावलेला. तोही गेला.

चार वर्षांचे खाते. शेठजी वजनदार माणूस, खुर्चीत बसले ते उठेचनात. व्हॅटची असेसमेंट तोंडावर होती, दोन गिऱ्हाइकांकडची येणी फक्त त्या खात्यात होती. माझ्या सवयीने मी दर महिन्याला लेजरची प्रिंट काढून फायलीला लावत असे. तिच्यावरून आम्ही दोघांनी तीन महिने बसून सगळे परत टाइप केले. दोन महिन्यांची प्रिंट सापडली नाही, त्यातली येणी बुडाली. हेल्परच्या दोन जागा त्या वर्षी भरल्या नाहीत. पुढे मे महिन्यात मंत्रालयातल्या संगणकांतही लॉकी शिरल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा शेठजींना जरा बरे वाटले, हे कबूल करायला हवे. जुलै २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि दोन अँटीव्हायरस कंपन्यांनी मिळून 'नो मोअर रॅन्सम' सुरू केले. तिथे अशा कुलपांच्या किल्ल्या खरोखर फुकट मिळतात. मी पुष्कळदा पाहिले. लॉकीची किल्ली काही तिथे आली नाही.

पुढच्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' आला, तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आपल्याकडे टॅली तसे तिकडे ते. मर्स्क कंपनी त्यात बंद पडली आणि न्हावाशेव्याला जेएनपीटीमधले तिचे टर्मिनलही अडले. आमच्या एमआयडीसीचे डबे त्याच बंदरातून जातात. अपडेट करा, अपडेट करा, असे मी लोकांना सांगत असे, आणि आता अपडेटमधूनच विष आले होते. हिशेबाच्या माणसाला ते फार लागले.

आता फुकटाच्या हिशेबाकडे परत येतो. कारण तोही मधल्या काळात बदलला होता. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतले. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन नियतकालिकांनी उघड केले की अवास्टची 'जंपशॉट' ही उपकंपनी वापरणाऱ्यांनी इंटरनेटवर काय काय पाहिले त्याची माहिती विकत होती. बोभाटा होताच जंपशॉट बंद केली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातीसाठी विकायला मनाई केली. घराचा खर्च कारखान्याने भरावा, या पहिल्या हिशेबात काही गैर नव्हते. या दुसऱ्या हिशेबात पहारेकरीच घरातली चिठ्ठीचपाटी वाचून बाहेर विकत होता. याच काळात अविरा नॉर्टनवाल्यांनी घेतली, २०२२ मध्ये अवास्टही त्यांच्यातच गेली. आज या सगळ्यांचा मालक 'जेन डिजिटल'. भाच्याच्या कागदावरची तीन नावे ती हीच.

पैसे भरले की प्रश्न सुटतो असेही नाही. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले की आपल्या ईस्कॅनचे अपडेट वाटेत अडवून त्यात चोरांनी आपला माल घातला होता, कारण ते अपडेट कुलूप नसलेल्या साध्या वाटेने पाठवले जायचे. कंपनीने चूक दुरुस्त केली. ही चोरी शोधली कुणी? अवास्टच्या तज्ज्ञांनी, आणि ती जाहीर झाली दंडानंतर दोन महिन्यांनी. यातून कुणाला चांगले म्हणायचे, कुणाला वाईट, ते मला ठरवता आलेले नाही.

उर्दूत मुफ्त आणि आज़ाद हे दोन शब्द वेगळे, मराठीतही फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. इंग्रजीला या दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो, त्यामुळे गोंधळ होतो. मुक्त म्हणावे असे अँटीव्हायरस आहे, पोलंडच्या टोमाश कोयम यांनी सुरू केलेले 'क्लॅमएव्ही'. त्याचा कोड कुणीही वाचावा. पण ते मुख्यतः मेलच्या सर्व्हरसाठी. घरच्या विंडोजवर क्षणोक्षणी नजर ठेवायला ते पुरे पडत नाही. सरकारनेही फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' काढले. तिथे क्विक हील आणि ईस्कॅनची सफाईची टूल्स फुकट मिळतात, सी-डॅकचे 'यूएसबी प्रतिरोध'ही मिळते. ही घाण झाल्यावर झाडायची केरसुणी, रात्रीचा पहारा नव्हे. आणि ज्याला ही नावे ठाऊक नाहीत तो शोधत जातो आणि 'तुमच्या मशीनमध्ये ३८ व्हायरस सापडले' असे ओरडणारे खोटे अँटीव्हायरस उतरवून घेतो. २००८ च्या सुमारास अशांचे पीकच आले होते. भाच्याच्या यादीतले शेवटचे नाव मला त्याच जातकुळीचे वाटले, ते मी खोडले.

एव्हाना चहा दोनदा झाला होता. मी डबा जोडला. विंडोज १०, अस्सल. त्यावर आधीच दोन अँटीव्हायरस होते आणि ते एकमेकांनाच धरून बसले होते, मशीन रडतखडत चालत होते ते त्यामुळे. दोन्ही काढले. ते निघताच विंडोजचा स्वतःचा 'डिफेंडर' जागा झाला. २०१३ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टचा हा पहारेकरी तपासण्यांमध्ये तळाला असायचा, मीही त्याला हसत असे. आज जर्मनीच्या एव्ही-टेस्टच्या तपासणीत तो पैसे भरून घेतलेल्यांच्या पंगतीला असतो. त्याचा खर्च विंडोजच्या किमतीत आहे. तो विकत घेतलेला आहे, म्हणून फुकट आहे. मायक्रोसॉफ्टही मशीनवरची बरीच माहिती घेते, हे भाच्याला सांगितले आणि जी बटणे बंद करता आली ती केली.

एक अडचण राहिली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. डिफेंडरच्या खुणांची यादी २०२८ पर्यंत येत राहील, पण खुद्द विंडोजची भोके बुजवणे थांबले. एका वर्षाची वाढीव मुदत घरगुती मशीनला मिळते, ती नोंदवली. हे मशीन विंडोज ११ च्या लायक नाही. वर्षभरात लिनक्स टाकायचे की नवे घ्यायचे, ते बहिणीने ठरवावे.

मग डिफेंडरमध्ये एक सोय असते ती चालू केली. ठरवलेल्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला लिहू द्यायचे नाही, अशी ती सोय. २०१७ पासून आहे, पण आपणहून चालू नसते. कागदांचे फोल्डर त्यात घातले. बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक नक्कल केली, एकूण दोनशे चौदा फायली, आणि ती डिस्क काढून भाच्याच्या हातात दिली. "ही मशीनला लावून ठेवायची नाही. अम्मीच्या कपाटात, कागदांच्या पेटीशेजारी, आणि वरच्या फळीवर. वालधुनी कमरेपर्यंत आली होती, लक्षात आहे ना?" तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला कुठून आठवणार!

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मामू, तुमच्या त्या डिफेंडरने स्कॅनरच अडवला. अम्मी दादाजींचा आणखी एक कागद स्कॅन करायला बसलीय, सेव्हच होत नाही." मी म्हटले, बरोबर आहे, स्कॅनर त्याच्या ओळखीचा नाही. कुठे जाऊन परवानगी द्यायची ते सांगितले, आणि तो करेपर्यंत फोन धरून बसलो.